उलट टपाली

चोइबाल्सानच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतून
मंगळवारी गेलेली पत्रं
मंगळवारीच परत आली.
अकरा मिनिटांत, सतराच्या सतरा.
आत मेंढ्यांच्या रक्ताचे अहवाल, दोनशे चौदा नमुने,
आणि प्रत्येकावर डकवलेली तीच चिठ्ठी:
पाचशे पन्नास. स्वीकारता येत नाही.

बाहेर उणे एकतीस.
नेरगुई खुर्चीत बसली ती एकाच हाताचा मोजा काढून,
दुसऱ्याचा राहूनच गेला.

आधी तिने स्वतःवरच संशय घेतला.
पत्ता तपासला, अक्षर न् अक्षर.
फाईल हलकी केली.
पासवर्ड बदलला, उगीच.
काळ्या याद्या धुंडाळल्या,
तिथे आपण नाही हे पाहून हायसं वाटलं,
आणि लगेच वाटेनासं झालं. मग आहे तरी काय?
संचालक गान्सुख दारातून डोकावले,
"केबल काढून परत लाव," म्हणाले
आणि चहाला गेले.
तिने तेही केलं.

चिठ्ठीच्या शेपटाला एक ओळ होती
बारीक, राखाडी,
जिथवर वाचत कुणी जात नाही:
या आकड्याला नाव नाही.

मग आठवलं. ऑक्टोबरात लाईन बदलली होती,
कंपनी स्वस्तातली, आकडा नवा,
चार तुकडे, मधे ठिपके.
तिने नावाला विचारलं, तुझा आकडा कोणता?
नावाने तोंडपाठ सांगितला.
आकड्याला विचारलं, तुझं नाव काय?
आकडा गप्प.
पुन्हा विचारलं.
असं कुणी नाही, उत्तर आलं,
कुठून आलं कोण जाणे.

पलीकडचा पहारेकरी नेमकं हेच विचारत असणार:
आलास कुठून ते दिसतंय,
पण तिथले लोक तुला काय म्हणतात?
आणि घरालाच ठाऊक नसेल आत कोण राहतं
तर त्याने तरी उंबऱ्याच्या आत
कुणाच्या भरवशावर घ्यायचं?

नेरगुई म्हणजे बिननावाची.
तिच्याआधीची दोन जगली नाहीत,
म्हणून आईने तिसरीचं नाव ठेवलं, नाव नाही.
आपल्याकडे दगडू ठेवतात, धोंडू ठेवतात, तसं.
जे शोधत येतं त्याने दाराशी विचारावं, आत कोण?
आतून जावं, कुणी नाही.
आणि त्याने आल्या पावली परत फिरावं.
एकेचाळीस वर्षं हे चाललंय.
एकदाही चुकलेलं नाही.

आता हे बारसं काही तिच्या हातात नव्हतं.
आकडा ज्याच्या मालकीचा, नाव त्यानेच ठेवायचं,
भाडेकरूने नुसतं सुचवायचं.
उलानबातरला फोन. चाळीस मिनिटं तीच एक धून,
मधूनमधून एक बाई सांगते, आपण महत्त्वाचे आहात.
शेवटी एक पोरगा, आवाज नुकता फुटलेला:
"कुणाची तक्रार?"
"नेरगुई."
"आणि काय हवंय?"
"नाव."
तो हसला. मग चपापून सॉरी म्हणाला,
त्याच्या मामीचंही नाव तेच होतं.
तिने सावकाश सांगितलं, तो टाइप करत गेला,
एका अक्षराशी थांबला, "पुन्हा एकदा?"
तिने पुन्हा सांगितलं.
पसरायला रात्र लागेल, म्हणाला. कधीकधी दोन.

एकच लागली.
सकाळी तिने आकड्याला विचारलं,
आकड्याने शहाण्या मुलासारखं पूर्ण नाव सांगितलं.
तरी पाठवताना एकच पत्र पाठवलं, सगळी नाही.
अकरा मिनिटं. बारा. वीस.
पोच अशी यात येतच नाही,
परत न येणं हीच काय ती पोच.

"बघ, केबलच होती," गान्सुख म्हणाले.
ती "हो" म्हणाली
आणि उरलेली सोळा एकेक करून सोडली.

संध्याकाळी आईशी बोलताना
यातलं काही काढलं नाही.
मेंढ्या बऱ्या आहेत ना, एवढंच विचारलं.